राजाची शेळी आणि भिवजीचा पानमळा

ऐका तर मग. ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या काळी शेळ्या माणसांशी बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकत नसत.

एक राज्य होतं. तिथे नाणी फारशी नव्हती, पण शेळ्या रग्गड होत्या, म्हणून राजा करही शेळ्यांमध्येच घेई. ज्याचा मळा असेल त्यानं वर्षाला एक दुभती शेळी द्यायची. होळीच्या सुमारास सरकारी माणसं गावात येत, गोठ्यातली एक शेळी निवडत आणि तिची शिंगं गेरूनं रंगवत. शिंगांना गेरू लागला की ती शेळी राजाची झाली. मग तिला विकायचं नाही, कापायचं नाही, आणि तिला काही बरंवाईट झालं तर एकीच्या जागी दोन भरायच्या. राजधानीतल्या सरकारी गोठ्यात ती पोचेपर्यंत तिचा सांभाळ मालकानं करायचा. आणखी एक नियम होता. राजाच्या शेळीला झालेलं करडूही राजाचंच. पण शेळी रंगवली की त्याच दिवशी जायची, करडू व्हायला वेळ कुठे होता? त्यामुळे तो नियम लोक विसरून गेले होते.

एक शेळी न्यायला चार सरकारी माणसं येत. एक तिला पुढून ओढायला, दुसरा मागून ढकलायला, तिसरा शिंगं रंगवायला, आणि चौथा "लवकर आटपा" असं म्हणायला. चौघांचं जेवणखाण गावावर आणि पगार राजावर. हे असं किती दिवस चालणार?

आता भिवजीकडे वळू. भिवजीचा पानमळा पंचक्रोशीत नावाजलेला होता. शेवरी आणि पांगाऱ्याच्या उंच झाडांवर त्यानं पानवेली चढवल्या होत्या, आणि खाली अशी गार सावली असे की भर उन्हाळ्यात मळ्यात शिरलेला माणूस बाहेर पडायला कुरकुर करी. त्याचं पान तोंडात टाकलं की भांडणारी माणसंसुद्धा घटकाभर गप्प बसत. वेल लावायचा, जपायचा, वरून उतरवायचा, पुन्हा चढवायचा, यात भिवजीची निम्मी हयात गेली होती. त्याला मूलबाळ नव्हतं. काय माया होती ती सगळी त्या मळ्यावर.

माणूस कामाला वाघ होता. फक्त एक खोड होती. देण्याचं नाव काढलं की त्याच्या पायात गोळे येत.

त्या वर्षी होळीला चौघे जण आले. त्यांनी भिवजीच्या गोठ्यातली सर्वांत धष्टपुष्ट शेळी निवडली आणि तिची शिंगं लालभडक केली. ते दावं ओढणार, इतक्यात राजधानीहून घोडेस्वार दौडत आला. नव्या दिवाणांनी हिशेब मांडला होता. सरकारी माणसं राजाच्या शेळ्यांपेक्षा जास्त खात होती. तेव्हा सगळ्यांना घरी बसवलं होतं, त्याच क्षणापासून.

पहिल्यानं दावं सोडलं. दुसऱ्यानं ढकलता ढकलता हात काढून घेतला, तशी शेळी मागे सरली आणि त्याच्या पायावर उभी राहिली. चौथा सवयीनं "लवकर आटपा" म्हणाला आणि मग त्याला स्वतःचंच हसू आलं, कारण आता कसली घाई? चौघे निघून गेले. घोडेस्वारानं जाता जाता दवंडी दिली : यापुढे ज्यानं त्यानं आपली शेळी आपण होऊन राजधानीला पोचवावी. तिथे गोठ्यावर एक कारकून आणि एक राखणदार ठेवला आहे.

"म्हणजे न्यायला कोणी येणार नाही?" भिवजीनं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"सांगितलं ना, माणसंच नाहीत!" असं म्हणून घोडेस्वार निघून गेला.

भिवजीला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्याची बायको साळू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, उद्या पहाटेच शेळीला पोचवून या. एका दिवसाची तर वाट."

"अगं, बोलावणं नाही, चालवणं नाही, मी कशाला पायपीट करू? ज्याला हवी असेल तो येईल."

"मला पोचव," असा आवाज आला.

दोघांनी वळून पाहिलं. रंगवलेली शेळी बोलत होती. सकाळपर्यंत ती साधी शेळी होती. मिळेल ते खाई, कोणालाही वाट देई. पण शिंगांना गेरू लागल्यापासून तिची मानच बदलली होती.

"मी आता सरकारी आहे," ती म्हणाली. "इथे राहायची मला हौस नाही. आज ने, तर एकटी येईन. पुढे मी एकटी नसेन."

"तुला विचारलंय कोणी?" भिवजी म्हणाला, आणि चरवी घेऊन तिचं दूध काढायला बसला.

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मोठं मजेत गेलं. राजाची शेळी शेरभर दूध देई. लेंड्यांचं खत वेलींना मिळे. शेळीला दोन करडं झाली, ती अंगणात उड्या मारत. भिवजी ओट्यावर बसून पान लावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "लोक कर देतात, मी कराची धार काढतो."

शेजारी तुळसाकाकूंचा वांग्यांचा मळा होता. त्यांचीही शेळी चौघांनी तशीच रंगवून सोडली होती, आणि बिचारी पोट फुगून मेली. नियमानं काकूंना दोन भराव्या लागणार, आणि गोठ्यात तर एकच म्हातारी शेळी. काकू दोन दिवस रडल्या. मग डोळे पुसून, फडक्यात भाकरी बांधून राजधानीला गेल्या, आणि परत आल्या त्या हसत.

"भिवजी, अरे तो गोठ्यावरचा कारकून फार भला माणूस आहे. मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, काकू, तुम्ही आपण होऊन आलात, मेलेल्या शेळीची एक माफ. राहिलेली पुढच्या वर्षी आणा. सूट द्यायचा हुकूमच आहे त्याच्याकडे. तू पण जा. करडांचंसुद्धा काहीतरी करेल तो."

भिवजी हसून म्हणाला, "काकू, तुम्हाला कोणी शोधत नव्हतं, तर तुम्ही स्वतः जाऊन सापडलात. याला शहाणपण म्हणायचं?"

"नाही रे बाबा," काकू म्हणाल्या, "याला झोप लागणं म्हणतात."

दुसऱ्या वर्षी होळी आली नि गेली. कोणी आलं नाही. त्या वर्षाची शेळी द्यायची होती, ती भिवजीनं दिली नाही. राजाच्या शेळीला पुन्हा दोन करडं झाली, आणि पहिल्या करडांतली मादी होती तीही व्याली. आता अंगण भरलं. पहाटे बेंबें सुरू झाली की कोंबड्याला आरवायला जागा मिळेना. आणि खाणं? बाभळीच्या शेंगा संपल्या, बांधावरचं गवत संपलं. राजाच्या शेळ्या विकायच्या नाहीत, म्हणून त्यांना पोसायला भिवजीनं स्वतःच्या शेळ्या विकल्या. साळूनं कपाळाला हात लावला. पण भिवजीचं आपलं एकच, "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय," शेळी गोठ्यातून म्हणे. "कधी पोचवतोस?"

तेवढ्यात दसऱ्याला बातमी आली. दिवाणांनी पुन्हा कात्री चालवली होती, आणि सरकारी गोठ्यावरचा तो कारकूनही घरी गेला होता! उरला फक्त राखणदार.

भिवजी ओट्यावरून टुणकन उठला. "संपलं! आता विचारणारा कोणी उरलाच नाही. जेवण घालतो मी गावाला!" आणि भरात येऊन त्यानं राजाच्या कळपातली एक तरणी शेळी, त्या रंगवलेल्या शेळीची नात, कापली. साळू आडवी आली, तेव्हा म्हणाला, "हिच्या शिंगांना कुठे गेरू आहे?" गावानं बोटं चाटत रस्सा ओरपला. तुळसाकाकू तेवढ्या जेवायला आल्या नाहीत. आणि ती रंगवलेली शेळी, आता कळपातली म्हातारी, त्या दिवसापासून भिवजीशी बोलायची बंद झाली.

तिसरा उन्हाळा कडक पडला. रानात हिरवं म्हणून काही उरलं नाही, एक भिवजीचा पानमळा सोडून. आणि शेवरीच्या पाल्यासाठी शेळी काय वाटेल ते करते, हे तुम्हाला कोणत्याही धनगराचं पोर सांगेल. एका दुपारी भिवजी जेवून जरा कलंडला होता. तेवढ्यात कळपानं कुंपण पाडलं. म्हातारी मागच्या पायांवर उभी राहून फांदी खाली वाकवी आणि बाकीच्या ओरबाडून खात. आधी शेवरी गेली, मग पांगारा, मग साली. आधार गेल्यावर वेली खाली आल्या. त्या शेळ्यांनी खाल्ल्या, आणि त्यांतून वाचल्या त्या उन्हानं करपल्या.

भिवजी धावत आला तेव्हा मळ्यात सावलीच नव्हती. तो तिथेच मातीत बसला आणि रडला. मी त्याला एवढा वेळ हसलो, पण त्या घटकेला हसवत नाही. निम्मी हयात होती ती.

साळू शेजारी येऊन बसली. तिनं बोटांनी एका वेलाच्या बुडाची माती उकरून पाहिली. मग म्हणाली, "उठा. अजून मुळं जिवंत आहेत. या शेळ्या गेल्या तर मळा पुन्हा उभा राहील. राहिल्या तर काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी भिवजीनं सगळा कळप हाकत राजधानीची वाट धरली. वाटेत लोकांना वाटलं, सरकारी अंमलदारच चाललाय. ते वाकून रामराम करत आणि भिवजी मान खाली घाली. गोठ्याच्या दाराशी राखणदार काठी घेऊन बसला होता. शेळ्या आपणहून आत शिरल्या, माहेरी आल्यासारख्या.

"झालं बाबा," भिवजी म्हणाला. "सगळ्या आणल्या. माझा मळाही त्यांनीच खाल्ला. आता मी मोकळा ना?"

राखणदार काही बोलायच्या आत म्हातारी शेळी वळली आणि इतक्या महिन्यांनी बोलली. "माझी नात कुठे आहे, ते विचारा याला."

दसऱ्याला ती कापून गावाला खाऊ घातली, हे भिवजीला कबूल करावं लागलं. राखणदारानं डोकं खाजवलं आणि काठीनं मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. खाल्लेलीच्या जागी दोन. शिवाय दुसऱ्या वर्षाची एक राहिली, तिसऱ्या वर्षाची एक राहिली, आणि त्या दोघींना आजवर झाली असती ती करडं. रेघा दारापासून निघाल्या त्या विहिरीपर्यंत गेल्या.

"अहो राखणदारदादा," भिवजी हात जोडून म्हणाला, "माझ्याकडे एक शेपूटसुद्धा उरलं नाही. थोडी सूट द्या. तुळसाकाकूंना दिलीत ना?"

"ती कारकूनसाहेबांनी दिली. सूट द्यायचा हुकूम त्यांना होता. मला मोजायचा आहे."

"मग त्यांना बोलवा!"

"त्यांना तर दसऱ्यालाच घरी बसवलं."

भिवजीला दसऱ्याचा रस्सा आठवला. तो कशासाठी रांधला होता तेही आठवलं.

"मग मी रडू तरी कोणापुढे?"

"रडायला मनाई नाही," राखणदार म्हणाला. तो बिचारा काही वाईट माणूस नव्हता. "फक्त ऐकणारा कोणी ठेवलेला नाही. नियम तेवढा जागच्या जागी आहे, त्याला पगार लागत नाही ना. ज्याला भरणं जमत नाही त्याचा मळा फेड होईपर्यंत राजाचं चराऊ रान, असा नियम आहे."

"पण दोन वर्षं वसुलीला कोणी आलंच नाही हो!" भिवजी कळवळून ओरडला.

यावर म्हातारी शेळी कुंपणावरून मान काढून म्हणाली, "यायचं कशाला? वसुली तुझ्याच घरात राहत होती. तू तिचं दूध काढत होतास."

त्याच संध्याकाळी राजाचा कळप पुन्हा भिवजीच्या मळ्याकडे निघाला, या वेळी हक्कानं चरायला. आता कळपामागे गुराखी हवा. पण राज्यात माणसं कुठे होती? सगळ्यांना घरी बसवलेलं. तेव्हा राखणदारानं हातातली काठी भिवजीच्या हातात दिली. ज्या माणसाला सरकारी माणसं कमी झाल्याचा सगळ्यांत जास्त आनंद झाला होता, त्यालाच राजानं कमी पडलेल्या जागेवर घेतलं, बिनपगारी, देणं फिटेपर्यंत.

पुढे कितीतरी वर्षं गावातले लोक पान खायला दुसऱ्या गावी जात, आणि वाटेत भिवजी दिसे, करपलेल्या मळ्यात राजाच्या शेळ्यांमागे धावताना. पुढून ओढणारा तोच, मागून ढकलणारा तोच, आणि "लवकर आटपा" असं म्हणायचं काम म्हातारी शेळी करत असे.

तात्पर्य : मागणारे कमी झाले म्हणून देणं कमी होत नाही, सूट देणारा जागेवर आहे तोवर आपण होऊन जावं आणि मोकळं व्हावं.