आधणातलं मीठ

"मीठ बरोबर पडलंय हे कळणार कसं, चाचा?"

मकबूलने हे तिसऱ्यांदा विचारलं. मी भिंतीच्या अलीकडे कुरडया राखत बसले होते. म्हणजे, राखायचं निमित्त. कान तिकडेच.

दर्ग्याच्या मागच्या अंगणाला आमची भिंत लागून आहे. रमजानात रोज तिथं चूल पेटते, रोजा सोडणाऱ्यांसाठी भात शिजतो. जर्दाळू, मनुका, काजू, बदाम, तुपात तळलेला कांदा. मटण नाही. गल्लीतली निम्मी घरं मटण खात नाहीत, आणि दस्तगीरचाचांचा भात सगळ्या घरांत जातो.

अठ्ठावीस वर्षं रमजानातला हा भात चाचांनी एकट्याने शिजवला. आता हात थरथरतात. सकाळीच म्हणाले होते, "आज भात तुझा, मकबूल. मी देग कुणाला द्यायची ते आज ठरवणार."

देग म्हणजे तांब्याचं ते दोन कानांचं मोठं भांडं. चाचांना त्यांच्या उस्तादांनी दिलेलं.

त्या देगेसाठी मकबूल पुण्याच्या हॉटेलातली नोकरी सोडून आलेला. पोरगा हुशार, पण तोरा केवढा! "माझ्या एका जिभेवर अख्खं किचन चालायचं," असं येताजाता ऐकवायचा.

आज ती जीभ बंद. रोजा.

आधण खळखळत होतं. पातेल्यात भिजवलेला तांदूळ फुगून टपोरा झाला होता.

"जिभेला लावून थुंकून टाकू? चालतं म्हणतात."

"चालतं."

"तुम्ही करायचात?"

"नाही."

"का?"

"सकाळपासून कोरडी जीभ. तिला काय, काहीही गोडच लागायचं."

मकबूल चुलीपासून नळापर्यंत गेला. नळापासून चुलीपर्यंत आला. मग त्याला भिंतीवर माझं डोकं दिसलं.

"मावशी! तुम्हाला कुठं रोजा आहे! जरा चाखता?"

मला काय, बोलवायचाच अवकाश. त्याने भिंतीवरून पुढे केलेल्या पळीतलं पाणी तळहातावर घेतलं, फुंकलं, चाटलं.

"लागेल रे अजून थोडं."

त्याने मूठभर टाकलं.

एवढ्यात आमच्या सासूबाई आल्या. कुठलीही गोष्ट माझ्या एकटीच्या सांगण्यावर झालेली त्यांना खपत नाही. त्यांनीही चाखलं.

"हिचं काय ऐकतोस? हिची आमटी खाऊन आमचे हे तांब्या घेऊनच बसतात. खारट केलंस बघ."

मकबूलने दोन तांबे पाणी ओतलं. पुन्हा पळी माझ्यापुढे.

"आता मिळमिळीत झालं."

"आता कुठं चवीला आलं," सासूबाई म्हणाल्या.

उन्हं कलली होती. तांदूळ आणखी थांबला तर आधणात तुटणार, हे मलासुद्धा कळत होतं.

"चाचा, आज भात बिघडला तर मी उद्या पुण्याला जाणार. इथं तोंड नाही दाखवायचा. सांगा ना... तुम्ही ओळखायचात कसं?"

चाचा जर्दाळूतल्या बिया काढत बसले होते.

"नाही ओळखायचो."

"मग कधी चुकला नाहीत?"

"चुकलो की."

"मग लोक?"

"जास्त झालं त्या दिवशी पाणी फार प्याले."

मला हसू फुटलं. मकबूलला नाही.

त्याने पुन्हा डब्यात हात घातला. मिठाची मूठ आधणावर धरली. टाकवेना... मागेही घेववेना.

चाचा उठले. त्याचं मनगट धरलं, मूठ डब्यात रिकामी करवली. तांदूळ आधणात सोडला. मग एका बशीत मीठ काढून घेतलं आणि अंथरलेल्या लांब चादरीवर, खजुरांच्या शेजारी नेऊन ठेवलं.

मकबूलचा चेहरा उतरला.

"मीठ वेगळं? चाचा, आमच्याकडे गिऱ्हाइकाने मीठ मागितलं की आचाऱ्याचं नाक कापलं जायचं. लोक म्हणतील, याला मीठसुद्धा घालता येत नाही!"

"म्हणू देत."

"आणि भात अळणी निघाला तर?"

"त्यांच्या हातालाही काही उरू दे."

भात अर्धा शिजला तसा मकबूलने वेळला, देगेत थरावर थर देत मेवा पेरला, झाकणाच्या कडेला कणीक लावली, वर निखारे ठेवले.

माणसं येऊन बसू लागली. मकबूल चादरीपाशी गेला, बशी उचलायला वाकला, तसाच परत आला. पुन्हा गेला...

मी टाचा उंच करून बघत होते.

या खेपेला त्याने बशी सरकवून मधोमध ठेवली. दोन्ही टोकांना बसलेल्यांकडे पाहिलं. आत जाऊन आणखी दोन बशा मिठाने भरून आणल्या.

अजान झाली. खजूर हातोहात गेले. झाकणाची कणीक अजून फुटली नव्हती. भात कसा झालाय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मकबूल चुलीपाशी आला. चाचांकडे न बघता म्हणाला,

"देगेचं काय ठरवलंत, चाचा?"

"उचल की. कान तापलेत, फडकं घे."