शार्दूलकुमारांचं गुडघ्याचं तेल

चिंचवलीच्या बाजारात नामांकित नट शार्दूलकुमार गुडघेदुखीचं तेल खपवायला आले, तेव्हा त्यांना बघायला अर्धं गाव लोटलं. भागूबाई सुईणीची जाऊ तान्हुबाई तर डॉक्टरांच्या गोळ्या सोडून हे तेल घ्यायला निघाली होती. भागूबाईला मात्र संशय आला, कारण मंचाच्या चार पायऱ्या चढताना नटाने नोकराचा खांदा घट्ट धरला होता.

"मी रोज हेच तेल लावतो," शार्दूलकुमार गरजले. "म्हणून या वयातही घोड्यावर मांड ठोकतो!"

"साहेब, खात्री कशी पटावी?" भागूबाईने विचारलं.

"आजी, लाखो लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. तुम्हालाच शंका?"

"शब्दावर नाही, गुडघ्यांवर आहे. घोडा राहू द्या. इथं सतरंजीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. मग गावातली प्रत्येक म्हातारी बाटली घेईल."

लोकांनी टाळ्या वाजवत जागा करून दिली. नटाने पुन्हा नोकराचा खांदा धरला. "आज जरा घाई आहे," ते पुटपुटले.

जावेने विकत घ्यायला उचललेली बाटली भागूबाईने तिच्या हातातून काढून त्यांच्यापुढे धरली.

"मग ही तुम्हीच घरी न्या, साहेब. आमच्याआधी तुम्हाला गरज आहे."