भरलेली बरणी

गावात विजेचे दिवे यायच्या कितीतरी आधी, तिथल्या शाळेत एक काचेचं चाक होतं. मास्तर ते फिरवत, काच रेशमी गादीवर घासली जाई आणि त्यातून निघालेली वीज शेजारच्या बरणीत साठे. बरणीच्या बुचातून एक पितळी गोळी वर आलेली होती.

थंडीतल्या एका कोरड्या दुपारी बरणी पुरती भरली आणि मास्तर तिला तशीच सोडून जेवायला गेले.

टेबलावरून जमिनीत गेलेली साखळी हळूच म्हणाली, "तुझी गोळी जरा मला टेकव. सगळं मातीत निघून जाईल."

"का म्हणून?" बरणी म्हणाली. "दिसायला मी रिकामीच आहे. कुणाला काय कळणार?"

तेवढ्यात झाडलोट करणारी शेवंता आली. ती रोज बरणी पुसायची, पुसताना तिच्याशी बोलायची. आज तिच्या हातातलं फडकं आपोआप बरणीकडे ओढलं गेलं. हातावरची लव उभी राहिली.

"कोण आहे गं तिथं?" ती पुटपुटली.

बरणीला तिला सावध करायचं होतं. पण माणसाशी बोलायला तिच्याकडे एकच आवाज होता, ठिणगीचा. शेवंताने एका हाताने बरणी धरली, दुसरा हात गोळीपाशी नेला, आणि तो आवाज झाला.

शेवंता वाचली. हात मात्र महिनाभर बधिर राहिला.

पुढे बरणी रोज साखळीला टेकू लागली. तरी काचेत मुरलेली वीज थोडी थोडी पुन्हा वर येतच राहिली. शेवंता सगळी खोली पुसायची आणि त्या टेबलाला वळसा घालून, काही न बोलता निघून जायची.