तांब्याची वाट

एका राज्यात, जिथले डोंगर बोलत आणि झाडे ऐकत, धृतवर्मा नावाचा राजा होता. त्याने वज्रजट मांत्रिकाच्या तांब्याच्या नळ्या लुटून आणल्या आणि खजिन्यात कुलूपबंद केल्या. मांत्रिक दरबारात आला. शांतपणे म्हणाला, "राजा, पाणी वाहून नेणारे तांबे तू कोंडलेस. आता तुझ्या ओठी लागेल ते पाणी राख होईल. तुझ्याच रक्ताच्या कोणी आपल्या हातांनी या तांब्याची वाट करून झऱ्याचे पाणी तुझ्या उशाशी आणले, तरच शाप सुटेल."

त्या दिवसापासून राजा फळांच्या रसावर जगू लागला. पुढे रसाचीही राख होऊ लागली.

राजाला एकच कन्या, सुवर्चला. मनाने निर्मळ, पण स्वभावाने उतावळी. तिने खजिन्यातून काही नळ्या मुदपाकखान्यात आणवल्या, कारण झरा त्याच्या मागच्याच कातळात होता. नळी लांब होती. तिने तलवार उपसली आणि घाव घातला. नळी चेपली, किंचाळली आणि पुन्हा होती तशी झाली.

खिडकीच्या गजावर तांबट पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, तांबे मारून तुटत नाही."

"मग कसे तुटते?"

"फिरवून."

पक्ष्याने चोचीतून एक अवजार टाकले. करंज्या कापायच्या कातण्यासारखेच, पण पोलादी धारेचे. सुवर्चलेने ते नळीला टेकवले आणि एक फेर घेतला. पुसट रेघ उठली. दुसऱ्या फेराला किंचित दाब वाढवला. दोनदा तिने घाई केली, दोनदा रेघ पुसली गेली. मग तिने श्वास आवरला आणि हात आपोआप संथ झाला. नळी हलकेच सुटली, किंचाळली नाही.

"आतली कड घासून काढ," पक्षी म्हणाला, "पाण्याला खरचटते."

तिने कड घासून गुळगुळीत केली.

झऱ्यापासून राजाच्या उशापर्यंतच्या वाटेत कातळाचा कोपरा होता. तिने नळी गुडघ्यावर वाकवली, तशी ती दुमडली आणि तिचा गळा मिटला.

"तापव. लाल झाली की पाण्यात बुडव."

"त्याने धातू कडक होतो."

"लोखंड कडक होते. तांबे मऊ होते. मग कोरड्या वाळूने पोट भर आणि वाकव. भरल्या पोटी कोणी मोडत नाही."

तिने दुसरी नळी घेतली आणि सांगितल्याप्रमाणे केले. नळी वेलीसारखी वळली. तिने वाळू झटकून टाकली.

उरला शेवटचा सांधा, झऱ्याजवळचा. इतक्यात दासी इंदुलेखा धावत आली. "ताईसाहेब, महाराजांचे डोळे मिटत आहेत." सुवर्चलेने टोके घासून लख्ख केली, नवसागर लावला, धातू सांधणाऱ्या डाखाच्या कांडीला आच दिली आणि ती टेकवली. डाख धरेना. झऱ्याकडून थेंब थेंब पाणी झिरपत होते, आणि ओल्या तांब्याला डाख धरत नाही.

तिने पक्ष्याकडे पाहिले. पक्षी गप्प होता.

तिचा दुपारचा घास तसाच पडला होता. सुवर्चलेने भाकरी उचलली, कुसकरली, गोळा केला आणि नळीच्या पोटात दाबून बसवला. थेंब थांबला. आता तिने कांडीला आच दिली नाही, नळीलाच दिली, सावकाश, चहूबाजूंनी. आच तळव्याला लागली, तरी तिने हात काढला नाही. कांडी टेकवताच डाख पाण्यासारखा पाझरला आणि सांध्याभोवती चांदीचे कडे उमटले.

ती धावली नाही. सांधा निवेपर्यंत उभी राहिली. मग झऱ्याची बुजवून ठेवलेली खोबण मोकळी केली.

राजाच्या उशाशी नळी खाकरली. आधी भाकरीचा चोथा पडला, मग पाण्याची धार. सुवर्चलेने उशाशी येऊन ओंजळ भरली आणि बापाच्या ओठी लावली. पाणी पाणीच राहिले. राजा प्याला, पुन्हा प्याला आणि त्याने डोळे उघडले.

"हात दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवले. तळवे भाजले होते, बोटे काळी पडली होती. राजाने बराच वेळ ते हात धरून ठेवले. मग तिला धारेपाशी ओढले आणि आपली तहान उरलेली असतानाही पाणी तिच्या तळव्यांवर सोडत राहिला.

दुसऱ्या दिवशी खजिन्याचे दार पुन्हा उघडले. उरलेल्या नळ्या घेऊन राजा स्वतः मांत्रिकाच्या दारी गेला, अनवाणी. वज्रजटाने त्याला आत बोलावले. त्या राज्यात पुढे कोणाचे पाणी कोणी कोंडले नाही. ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, आम्ही ऐकले ते तुमच्या पदरात घातले.