अर्धी दाढी आणि अख्खा तह

दृष्टांत सांगावा तर मीच सांगावा, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. सगळेच म्हणजे मी. बाकीचे तोवर उठून गेलेले असतात. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, आणि चौथी मला इतकी आवडली की ती दोनदा केली. तेव्हा शास्त्राधार विचारू नये, गोष्ट ऐकावी.

एकदा एक खिंड होती. खिंडीच्या वर एक गाव, खाली एक गाव, आणि दोघांचा मिळून आठवडी बाजार मधल्या सपाटीवर भरे. दोन्ही गावांचं पिढीजात वैर. ते कशावरून सुरू झालं हे कोणालाच आठवत नव्हतं, म्हणजे वैर चांगलं मुरलेलं होतं. दोन्हीकडचे काही माथेफिरू रानात दडून बसत आणि भर बाजारात आग टाकून पळत. त्याआधी सपाटीवर एक जळका टेंभा रोवून ठेवीत. टेंभा दिसला की समजावं, आता कोणाच्या तरी घरी रडारड आहे.

या वैरात खालच्या गावाची एक निराळीच अडचण झाली. पंचक्रोशीत न्हावी एकच, रखमाजी, आणि तो वरच्या गावचा. शत्रूच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? तेव्हा खालच्या गावात सावकारापासून गुराख्यापर्यंत सगळे दाढीवाले. घरोघरी बायका कात्रीने दाढ्या कातरत, म्हणून अख्खं गाव शेळ्यांनी खाल्लेल्या कुंपणासारखं दिसे.

पुढे सुबुद्धी झाली, तह झाला. त्याची दवंडी पिटावी लागली नाही. खालच्या गावातल्या हनुवट्या दिसू लागल्या. दाढी राहिली ती तिथल्या एका वृद्ध सत्पुरुषाची. ते परम ज्ञानी होते. लोक म्हणत, ज्ञान त्या दाढीतच आहे. माझं मत, निम्मं तरी असावं.

तह स्थिरावला तसा नवा तंटा उभा राहिला. तह केला कोणी? वरच्या गावचे पाटील म्हणत, "बोलणी करायला पहिलं पाऊल मी टाकलं." खालच्या गावचा व्यापारी म्हणे, "आणि दोन्ही गावांना एका पंगतीला कोणी बसवलं?" सपाटीवर एक शिळा घासून गुळगुळीत केली होती, तिच्यावर एकच नाव कोरायचं होतं. निवाड्यासाठी त्या दाढीवाल्या वृद्धांना बोलावलं. दिवस बाजाराचा ठरला.

आणि त्याच सकाळी सपाटीच्या मधोमध जळका टेंभा रोवलेला दिसला.

बाजार क्षणात दुभंगला. वरचे वरच्या वाटेशी, खालचे खालच्या वाटेशी, मधे भाजीच्या पाट्या अनाथ. पाटील ओरडले, "तह आम्ही केला, हा टेंभा तुमच्या पोरांचा!" व्यापारी ओरडला, "तह आमचा, टेंभा तुमचा!" श्रेय आणि दोष यांची वाटणी अशीच झटपट होते, माझ्या घरी ताक सांडलं तरी असंच होतं.

एकटा रखमाजी आपल्या नेहमीच्या जागी, खालच्या बाजूच्या चिंचेखाली बसून होता. त्याचा सख्खा भाऊ अशाच एका आगीत गेलेला. ती आग खालच्या गावच्या माणसांनी लावली होती, हे साऱ्यांना ठाऊक होतं. आज त्याची गिऱ्हाईक बसवायची घोंगडी रिकामी होती. खालच्यांतून कोणीतरी पुटपुटलं, "अरे, त्याच्या हातात वस्तरा आहे." रखमाजीने ते ऐकलं. वस्तरा पुसला आणि हत्यारांची धोकटी आवरायला घेतली. तो आज वर गेला असता तर पुन्हा उतरला नसता. आणि तो उतरला नसता तर वरचं कोणीच उतरलं नसतं. हे प्रत्येकाला कळत होतं. हललं मात्र कोणी नाही.

वृद्ध उठले. त्यांच्यासोबत आलेल्या शिष्याला वाटलं, आता निवाडा. पण ते टेंभ्याला वळसा घालून थेट घोंगडीवर जाऊन बसले आणि त्यांनी मान वर केली.

"काढ."

"काय काढू, महाराज?"

"दाढी. आणखी काय?"

शिष्य धावत आला. "गुरुजी, आज? याच्याकडून? याचा भाऊ..."

"ठाऊक आहे. तू पाणी आण. तेवढं जमेल ना?"

रखमाजीचा हात थरथरत होता. तो हळूच म्हणाला, "महाराज, खोटं नाही बोलत. आज माझ्या मनात नको नको ते येतंय."

"येऊ दे. माझ्याही मनात भीती आहे. दोघं मिळून बघू, हात काय करतो ते."

वस्तरा गळ्यावर टेकला. दोन्ही वाटांवरची माणसं श्वास रोखून पाहू लागली, आणि नीट दिसावं म्हणून चार पावलं पुढे सरकली. मागचे पुढे आले, पुढचे आणखी पुढे. शेवटी चिंचेखाली एकच गर्दी झाली. टेंभा कोणाच्या तरी पायात आला आणि आडवा पडला. बघ्याची हौस ही केवढी मोठी शक्ती आहे! शास्त्रात असेलच, चौथीनंतर शिकवत असावेत.

डावा गाल उघडा पडला तेव्हा वृद्ध बोलले.

"पहिलं पाऊल पाटलांनी टाकलं, खरं. पंगत व्यापाऱ्याने घातली, तेही खरं. त्या दिवसाचं श्रेय तुम्हा दोघांचं, घ्या. पण तह म्हणजे काही लग्न नव्हे, एकदा लावलं की झालं. तो संसार आहे, तो रोज करावा लागतो. टेंभा रोवणाऱ्याला शिळेवरच्या नावाशी कर्तव्य नाही. रखमाजीने धोकटी उचलावी, एवढंच त्याला हवं होतं. ज्याच्या मनात रागच नाही, त्याने गळा राखला यात नवल ते काय? हा रखमाजी भाऊ गमावून, हातात वस्तरा असून, दर बाजारी आपले गळे राखतो. टेंभे पुन्हा येतील. तेव्हा आपण मान पुढे करायची."

मग खालचा एक गडी गालावरचे खुंट चाचपत म्हणाला, "महाराजांच्या मागून माझा नंबर."

"माझा!" व्यापारी म्हणाला.

"मी आधीपासून उभा आहे," पाटील म्हणाले. त्यांची दाढी सकाळीच झाली होती. पण मागे कसं राहणार! दोघेही नंबर धरून त्या गुळगुळीत शिळेवरच खेटून बसले. बसल्यावर पाटलांना आठवण झाली.

"पण महाराज, शिळेवर नाव कोणाचं ते राहिलंच की."

वृद्धांनी बोट वर केलं. "याचं उत्तर तीन प्रकारांनी देता येईल. प्रथम..."

रखमाजीने त्यांची हनुवटी घट्ट धरली. आता त्याचा हात थरथरत नव्हता.

"महाराज, उजवा गाल राहिलाय. तुमच्या प्रवचनापायी वस्तरा लागला, तर खालचे म्हणतील वरच्यांनी तह मोडला. तह टिकवायचाय ना? मग तोंड मिटा, आणि मान जरा इकडे करा."