सात काळ्या शलाका

पूर्वी अंबनगरीत राजाऐवजी तेरा कुळांचा गण राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या गणाचा प्रमुख होता. एका राजाची मर्जी सांभाळताना माणसाच्या नाकी नऊ येतात. इथे तर तेराजणांची सांभाळायची होती!

त्या वर्षी नदीला महापूर आला. बांध आता टिकत नव्हता. तो पलीकडे फोडला तर नावाड्यांची वस्ती बुडणार, अलीकडे फोडला तर बांधालगतचे गणाचे भातशेत. “भात पुन्हा पेरता येईल. अलीकडे फोडा,” बोधिसत्त्व म्हणाला.

झाले! ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच माणसांनी पाठ फिरवली. त्यांत सर्वांच्या पुढे त्याचा जिवलग सोमक. “पिकलेले भात तेराही घरांचे आहे. वस्तीची एवढी माया असेल तर प्रमुखपद सोडा,” तो म्हणाला. मग शलाका टाकायचे ठरले. पांढरी काडी म्हणजे प्रमुख राहो, काळी म्हणजे जावो.

काड्या गोळा करायचे काम वासभाकडे होते. बाहेर पाणी चढत होते. त्याने मोजल्या: काळ्या सात, पांढऱ्या सहा. एका काडीपायी सारी वस्ती बुडणार! तो बोधिसत्त्वाच्या कानाशी वाकला. “स्वामी, एक काळी काढून पांढरी टाकतो. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“आज माझ्यासाठी खोटे मोजशील, उद्या आणखी कुणासाठी. आहे तेच सांग, वासभा.”

वासभाने रडत रडत काळ्या सात सांगितल्या. सभेत एकच जल्लोष झाला.

त्या गणाची रीत अशी होती, की प्रमुख होणाऱ्याने आपली जमीन गणाला द्यायची आणि पद जाताच ती त्याला परत मिळायची. बोधिसत्त्वाने विचारले, “सोमका, बांधालगतचे शेत आता पुन्हा माझे झाले ना?”

“झाले की, या क्षणापासून!” सोमक मोठ्या दिलदारीने म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला, पण शब्द सभेपुढे गेला होता.

बोधिसत्त्व कुदळ घेऊन धावत सुटला. मागोमाग वासभ, अनवाणी, आनंदाने ओरडत! दोघांनी घावावर घाव घातले. बांध फुटला. पिवळे भात बघता बघता पाण्याखाली गेले, आणि पलीकडच्या काठावर नावाड्यांच्या बायका-पोरांनी हात उंचावून आरोळ्या ठोकल्या. चिखलाने माखलेला बोधिसत्त्वही त्यांच्याबरोबर हसत होता.

तेव्हाचा सोमक तो आजचा देवदत्त, वासभ तो आनंद. आणि पद व पीक एकाच दिवशी गमावून हसणारा तो स्वतः तथागत. त्या जन्मी त्याने सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली, आणि सत्याने त्याची करुणा वाया जाऊ दिली नाही.