डागायचा हात कोणाचा?

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात कान्हू नावाचा लोहार राहत होता. त्या गावची एक रीत होती. निवाडा कागदावर लिहिला, की त्याखाली पाटलांनी आणि प्रत्येक कारागिराने आपापल्या अवजाराचे चित्र काढायचे. एक जरी चित्र कमी पडले, तरी निवाडा लागू होत नसे.

त्याच गावात मंजुळा नावाची नऊ वर्षांची पोरकी मुलगी होती. पाटलांच्या गड्याने तिची शेळी बडवली, म्हणून तिने पाटलांची कडब्याची गंजी पेटवून दिली. चुकून नव्हे, रागाने.

सभा लोहाराच्या भट्टीसमोरच भरली. गावच्या जोशीबुवांनी निवाड्याची पोथी उघडून वाचले, "आग लावणाऱ्याचा तळहात डागावा."

निवाडा कागदावर उतरला. पाटलांनी त्याखाली नांगर काढला. सुताराचा वाकस उमटला, चांभाराची रापी उमटली. कागद कान्हूपुढे आला. त्याने दौत बाजूला सारली.

"बुवा, पुढचं पान वाचा. तुमचे वडील वाचायचे, ते मी ऐकलंय."

"तू लोखंड तापव. पोथीचं आम्ही बघतो," पाटील म्हणाले.

"लोखंड तापतंय. पान उलटा, नाहीतर हातोडा उमटायचा नाही."

जोशीबुवांनी पान उलटले. त्यांचा आवाज बराच खाली आला. "अकरा वर्षांच्या आतल्या लेकराचं प्रायश्चित्त त्याच्या वडीलधाऱ्याने घ्यावं."

सुतार हसला. "हिला कोण आहे वडीलधारं? सुटली म्हणायची."

"आपण आहोत की," कान्हू म्हणाला. "आईबाप गेल्यापासून दोन वर्षं आपण तिला उरलंसुरलं वाढलं. राग आला तर काय करावं, हे एकानेही शिकवलं नाही. मीही नाही."

त्याने भट्टीतून लालभडक सळई काढून पाटलांपुढे धरली आणि डावा तळहात पुढे केला. "पहिला माझा. मग पाटील, तुमचा. बाकीच्यांनी रांगेने या. सगळ्यांचं झालं, की पोरीचं बघू."

पाटलांनी हात उपरण्याखाली घेतला. कोणी जागचे उठेना. सळईची लाली गेली, ती काळी पडली, तरी कान्हू हात पसरून उभाच होता.

शेवटी पाटलांनी कागद फाडला. "झालं तुझं समाधान? बस आता."

"पोरगी आजपासून कोणाच्या घरात राहणार, ते आधी ठरवा. त्याशिवाय मी बसत नाही."

निघायला उठलेली सभा पुन्हा बसली.

तात्पर्य: पोथी असो की कायदा, लेकराच्या गुन्ह्याचा निवाडा करणाऱ्याने आधी त्याला वाढवणाऱ्यांना जाब विचारावा; तेवढे धैर्य नसेल, तर लेकरावर हात उचलू नये.